आबा पहाटे साडेपाचला बेसबॉल बघायला लागलेत, या खेळाचं प्रकरण कोणी इस्कटून सांगेल का?

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी क्रिकेटवाला माणूस, बेसबॉलमधलं मला ओ का ठो कळत नाही. पण घरात असं काय होऊन बसलंय की विचारल्याशिवाय गत्यंतर नाही.

लेक नववीत आहे. जूनमधे शाळेच्या बेसबॉल टीमला नाव दिलं तिनं, मी म्हटलं असू दे, ग्रेस मार्काला बरं पडतं, सगळेच देतात. तर ही खरंच खेळायला लागली की. आणि तिच्या नादानं आमचे आबा पण लागले. आबा ७८ चे, सांगलीतल्या क्लब मॅचेसना आयुष्यभर स्कोअरर, उन्हातान्हात वही आणि टोक केलेल्या ३ पेन्सिली घेऊन बसणारा माणूस, विजय हजारे आपल्या सांगलीचे हे दिवसातनं एकदा तरी ऐकवणार. टी-ट्वेंटीला सुद्धा नाक मुरडतात. तर दिवाळीच्या सुट्टीत अमेरिकेतल्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हंजे तिथल्या बेसबॉलच्या फायनलच्या, मॅचेस लागल्या, आपल्याकडं पहाटे साडेपाचला सुरू, नात मोबाईल टीव्हीला जोडून द्यायची आणि आबा तसेही चारला उठलेलेच असतात. डॉजर्स आणि टोरांटो. त्यातली तिसरी मॅच साडेपाचला सुरू झाली ती दुपारी बारा वाजून गेल्यावर संपली!! ९ इनिंगच्या ठिकाणी १८ इनिंग, ६ तास ३९ मिनिटं. आबांची आंघोळ नाही, पूजा नाही, पोहे टीव्हीसमोर, शेवटी आई म्हणाली देव तरी किती वेळ पारोसा ठेवायचा ओ.

आता आबांनी जुन्या क्रिकेटच्या स्कोअरबुकात स्वतः रेघा मारून बेसबॉलचा तक्ता केलाय आणि मला प्रश्न विचारून भंडावून सोडलंय. ते कॉमेंटरीवाले सारखं १९४७ काढतात, १९९८ काढतात, २००४ काढतात, आणि काढताना आवाज असा हळवा करतात जसं काय घरातलं कोण गेलंय. हे एवढं भावनिक का? गेल्या ३० वर्षात या खेळात नक्की काय काय घडलंय? आणि तो स्कोअरला इंग्रजी के कधी सरळ कधी उलटा का लिहितात हे पहिलं सांगा, आबांची वही त्यावर अडलीय.

नाद_फक्त_कुस्तीचा

वर्ल्ड सिरीज म्हणायचं आणि खेळायचं सगळं अमेरिकेतल्या अमेरिकेत, ह्यो कुठला वर्ल्ड लगा? आमच्या कुंडलच्या मैदानाला ह्याच्यापेक्षा जास्त राज्यांतनं पैलवान येत्यात. विटीदांडूला पगार दिला की बेसबॉल झाला, संपला विषय. आबांना म्हणावं सकाळी उठून फिरून या.

कराडचा_पाहुणा

पैलवान, टोरांटो कॅनडात आहे. ९२ आणि ९३ ला जिंकलेत पण ते. बाकी वर्ल्ड नावावरनं हसायचा हक्क तुम्हाला पूर्ण आहे, तिकडचे लोक पण हसतात.

विश्रामबागकर, मी मूळ कराडचा, ११ वर्षं कॅलिफोर्नियात ओकलंडजवळ काढली आणि आता परत आलोय, त्यामुळं जरा लांबलचक लिहितो, आबांना वाचून दाखवा.

पहिलं म्हंजे आबांना हा खेळ आवडला याचं मला काहीच नवल वाटलं नाही, कारण हा खेळच मुळात वहीचा आहे. मैदानावर जे चालतं त्याच्या दुप्पट वहीत चालतं. एका टीमच्या सीझनला १६२ मॅचेस, टीम ३०, म्हंजे सीझनभरात २४३० मॅचेस, एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोज एक, आणि त्यातला प्रत्येक बॉल कुठंतरी लिहिलेला असतो. बाप पोराला मॅचला नेतो तेव्हा हातात पेन्सिल देतो, अजून पण देतात. शंभर वर्षापूर्वीच्या माणसाचा आकडा आजच्या माणसाशेजारी ठेवता येतो म्हणून तिकडं आजोबा आणि नातू एकाच विषयावर भांडू शकतात. त्यामुळं गेल्या ३० वर्षातलं जे जे मोठं भांडण झालं ते फिरून फिरून त्या वहीवरच येतं, की कोणाचं नाव लिहायचं, कोणाचं खोडायचं आणि कोणाचं लिहायचंच राहून गेलंय.

सुरुवात १९९४ पासनं करा. १२ ऑगस्टला खेळाडू संपावर गेले, मालक लोकांना पगाराला कॅप लावायची होती, खेळाडू नाही म्हणाले. वर्ल्ड सिरीजच रद्द झाली. दोन महायुद्धात बंद पडली नव्हती ती पैशाच्या भांडणात पडली. सॅन दिएगोचा टोनी ग्विन त्या वेळी बॅटिंग सरासरीत .३९४ वर होता, १९४१ ला टेड विल्यम्सनं .४०६ केलं त्यानंतर तेव्हाच्या वहीप्रमाणं .४०० कोणी गाठलेलंच नव्हतं आणि हा गाठेल का हे बघायच्या आत सीझन बंद. आबांना म्हणावं बॅट्समन ९४ वर आणि तंबू गुंडाळला असं समजा.

लोक चिडले. परत आल्यावर स्टेडियमं ओस. मग १९९५ ला दोन गोष्टी झाल्या. जपानचा हिदेओ नोमो डॉजर्सकडं आला, ती विचित्र वळून टाकायची ॲक्शन, पोरं गल्लीत त्याची नक्कल करायची. आणि सप्टेंबरला कॅल रिपकननं सलग २१३१ वी मॅच खेळली. सलग! १९८२ पासनं एक दिवस दांडी नाही. गिरणीत, ऑफिसात रोज कामाला जाणाऱ्या माणसाला ते आपलंसं वाटलं, कारण त्यात हुशारी नव्हती, नुसती हजेरी होती.

आणि मग १९९८. एका सीझनला ६१ होम रनचा (होम रन म्हंजे आपला सिक्स समजा) रेकॉर्ड १९६१ पासनं होता, मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसा दोघं एकाच उन्हाळ्यात त्याच्या मागं लागले. एकानं ७० मारले, एकानं ६६. अख्खा देश रोज सकाळी पेपरात दोघांचे आकडे बघत होता, खेळ परत उभा राहिला. २००१ ला बॅरी बाँड्सनं ७३ मारले आणि २००७ ला कारकिर्दीत ७५५ चा हँक ॲरनचा आकडा ओलांडून ७६२ वर थांबला. पुढं कळलं की स्टिरॉइडचा पूर आला होता. २००७ च्या डिसेंबरला चौकशीचा मिचेल रिपोर्ट आला, मॅग्वायरनं २०१० ला स्वतः कबूल केलं. आणि गंमत अशी की ज्या काळात हे चाललं होतं तेव्हा बेसबॉलमधे त्याची धड टेस्टच नव्हती. मालकांची गल्ला भरायची सोय, पेपरवाल्यांची मथळ्याची सोय, सगळ्यांनी डोळे मिटलेले. आज बाँड्सचे ७६२ वहीत आहेत पण हॉल ऑफ फेममधे, म्हंजे मोठ्या खेळाडूंच्या मानाच्या यादीत, त्याला घेतलेला नाही. आकडा आत, माणूस बाहेर.

बाकीचं रात्री लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आलंय.

नाद_फक्त_कुस्तीचा

हे स्टिरॉइडचं मात्र पटलं बगा. तालमीत इंजेक्शन घेणारं पोरगं सहा महिन्यात फुगतं, सगळ्यांना दिसतं, वस्तादाला दिसतं, गावाला दिसतं, आणि जत्रंत जिंकलं की तेच गाव हलगी लावून मिरवतं. मग ताकद उतरली की सगळे म्हणणार आम्हाला तर आधीच वाटत होतं. असली माणसं सगळीकडं सारखीच की.

मिरजेचा_तंबोरा

के चं उत्तर मी देतो, कारण याच्यात क्रिकेटवाल्यांनी कॉलर ताठ करावी अशी गोष्ट आहे. तीन स्ट्राइक होऊन बॅटर आउट झाला की के. बॅट फिरवून हुकला तर सरळ के, नुसता बघत उभा राहिला आणि अंपायरनं तिसरा स्ट्राइक दिला तर उलटा के. ही खूण हेन्री चॅडविक नावाच्या माणसाची, एकोणिसाव्या शतकातला पत्रकार, जन्म इंग्लंडचा, अमेरिकेत जाऊन आधी क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. स्ट्रक या शब्दातलं शेवटचं अक्षर घेतलं त्यानं, एस दुसऱ्या कशाला तरी वापरून झालं होतं. बेसबॉलचा बॉक्स स्कोअर, म्हंजे पेपरात येतो तो तक्ता, त्यानं क्रिकेटच्या स्कोअरकार्डावरनं बेतला. तर आबा क्रिकेटच्या वहीत रेघा मारून बेसबॉल लिहितायत ना, चॅडविकनं पण हेच केलं होतं. सांगा त्यांना.

आता वहीचा दुसरा अध्याय, जो माझ्या आवडीचा आहे. २००२ चा ओकलंड. न्यूयॉर्क यँकीजचा पगारखर्च साधारण १२.५ कोटी डॉलर, ओकलंडचा ४ कोटीच्या आसपास. बिली बीन म्हणून जनरल मॅनेजर, म्हंजे आपल्या भाषेत सगळं टीम निवडायचं बघणारा. त्यानं काय केलं तर जुने जाणते लोक पोराची चालणी बोलणी, खांदे, थ्रो बघून निवड करायचे ते सोडलं आणि बॅटर बेसवर, म्हंजे पळून गाठायच्या टप्प्यावर, किती वेळा पोचतो एवढाच हिशेब धरला. कसा का पोचेना, फटका मारून पोच नाहीतर ४ बॉल सोडून फुकटात पोच. बाजारात असल्या खेळाडूंना भाव नव्हता, यानं स्वस्तात उचलले. सलग २० मॅचेस जिंकले त्या वर्षी. पहिल्याच नॉकआउटला हरले हे लोक सांगत नाहीत :) ब्रॅड पिटचा पिक्चर आला त्यावर. आज आयपीएल ऑक्शनला टेबलावर लॅपटॉप घेऊन पोरं बसतात ना, त्या प्रकाराचं मूळ इथं शोधा.

पण याची किंमत खेळानं मोजली हे पण म्हटलं पाहिजे. सगळ्याच टीमनी तोच हिशेब लावल्यावर काय झालं, एकतर होम रन नाहीतर स्ट्राइकआउट नाहीतर वॉक (ते फुकटात पोचणं), मधलं पळापळीचं सगळं कमी कमी होत गेलं. फिल्डर कॉम्प्युटर सांगेल तिथं उभे. पिचर, म्हंजे बॉलर, प्रत्येक बॉलच्या आधी टोपी काढणार, माती उडवणार, आभाळाकडं बघणार. २०२१-२२ ला मॅच सरासरी ३ तासाच्या वर. तरुण पोरं निघून चालली बास्केटबॉल फुटबॉल बघायला. मग २०२३ ला घड्याळ लावलं. बेसवर कोणी नसेल तर १५ सेकंदात बॉल टाकायचा, असेल तर २० (पुढच्या वर्षी १८ केले). बेसची उशी १५ इंचाची १८ इंच केली, फिल्डरना एकाच बाजूला गर्दी करायला बंदी. एका वर्षात मॅच २ तास ४० मिनिटावर आली, आणि प्रेक्षक ७ कोटीच्या वर गेले, २०१७ नंतर पहिल्यांदा.

आता म्हाताऱ्या लोकांचं दुःख समजून घ्या. या खेळाची सगळ्यात मोठी शेखी हीच होती की याला घड्याळ नाही, शेवटचा आउट होईपर्यंत काही पण होऊ शकतं. त्यांना वाटलं संपलं. पण घड्याळ बॉल टाकायला आहे, मॅच संपवायला नाही, त्यामुळंच आबांची ती १८ इनिंगची मॅच होऊ शकली. साध्या सीझनला १० व्या इनिंगपासनं दुसऱ्या बेसवर फुकटचा रनर उभा करतात म्हणून असल्या मॅचेस लवकर निकालात निघतात, नॉकआउटला तो नियम नाही. मला विचाराल तर तो फुकटचा रनर काढून टाकला पाहिजे. शुद्ध लबाडी आहे.

विश्रामबागकर

बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं. आबांना चॅडविकचं वाचून दाखवलं, काही बोलले नाहीत, चष्मा पुसला आणि वहीत पहिल्या पानावर नाव लिहून ठेवलं. मग म्हणाले त्या टेड विल्यम्सचा .४०६ हा एका सीझनचा सगळ्यात मोठा आकडा का? मी म्हटलं विचारतो.

कराडचा_पाहुणा

नाही, आणि आबांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. त्याच्या आधीच्या लोकांचे मोठे आकडे होतेच, पण २०२४ च्या मे महिन्यापासनं सगळ्यात वर नाव आहे जॉश गिब्सन, १९४३ ला .४६६. कारकिर्दीत पण तोच वर, .३७२, त्याच्या खाली टाय कॉब .३६७.

आता जॉश गिब्सन कोण, तर काळा माणूस, १९४७ ला वारला, आणि ज्याला मेजर लीग म्हणतात, म्हंजे तिथली सगळ्यात वरची लीग, त्यात एक मॅच खेळला नाही कारण खेळू देत नव्हते. काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीग होत्या, निग्रो लीग म्हणायचे. १९४७ च्या १५ एप्रिलला जॅकी रॉबिन्सन डॉजर्सकडनं उतरला आणि ती भिंत पडली, तुमचे कॉमेंटरीवाले १९४७ काढतात ते हेच. त्याचा ४२ नंबर १९९७ ला सगळ्याच टीमनी एकदम बंद केला, फक्त दरवर्षी १५ एप्रिलला सगळेच्या सगळे खेळाडू ४२ घालतात, त्या दिवशी स्कोअर लिहिणाऱ्याची पंचाईत. पण १९२० ते ४८ मधल्या त्या वेगळ्या लीगचे आकडे मात्र मुख्य वहीत नव्हतेच. ते २०२४ ला घेतले, २३०० च्या वर खेळाडू. तेव्हा लोकांची आडकाठी अशी की ६०-७० मॅचेसच्या सीझनचा आकडा १५४ मॅचेसच्या शेजारी कसा लावायचा. उत्तर सोपं होतं, कोविडच्या वर्षी २०२० ला ६० मॅचेसचाच सीझन झाला, तो नाही का धरला? आणि मुळात कमी मॅचेस होत्या त्या कोणामुळं?

२००४ म्हंजे बोस्टन रेड सॉक्स, ८६ वर्षांनी जिंकले. लोक स्मशानात जाऊन बापाच्या आज्याच्या थडग्यावर झेंडे, टोप्या ठेवून आले. २०१६ ला शिकागो कब्स १०८ वर्षांनी. असं समजा की पणज्यानं सुरू केलेली वाट बघणं पणतूनं संपवलं. हळवे होणार नाहीत तर काय.

माझं स्वतःचं दुखणं ओकलंडचं. मी तिथं गेलो तेव्हा बेसबॉल कशाशी खातात माहिती नव्हतं, तिकीट स्वस्त आणि ट्रेन दारात म्हणून जायला लागलो. जुनाट काँक्रीटचं स्टेडियम, संडास तुंबलेले, उभ्या उन्हात ढोल वाजवणारी तीच तीच माणसं. मला आपल्या एसटी स्टँडसारखं वाटायचं, लगेच रुळलो. शेजारी बसणारी एक म्हातारी बाई होती, तिनं मला स्कोअर लिहायला शिकवलं. १९८९ ला वर्ल्ड सिरीज चालू होती, शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध, तिसऱ्या मॅचच्या तोंडावर भूकंप झाला, हे ती सांगायची आणि मी तिला ६७ चा कोयनेचा सांगायचो, म्हंजे आईनं सांगितलेला. दोघांकडं एकच वाक्य, आधी आवाज आला.

तर मालकाला नवीन स्टेडियम पाहिजे होतं, गावाशी जमलं नाही, टीम लास वेगासला न्यायची ठरली. २०२३ च्या जूनला लोकांनी उलटा बहिष्कार केला, म्हंजे एरवी येत नव्हते ते मुद्दाम २७ हजारांवर आले, हिरवे टी शर्ट, त्यावर एकच शब्द, विका. काही उपयोग नाही. २६ सप्टेंबर २०२४ ला शेवटची मॅच. ५७ सीझन, ४ वर्ल्ड सिरीज, खलास. लोकांनी ग्राउंडवरच्या माणसांकडनं माती मागून घेतली जाताना. मी तोवर कराडला आलो होतो, मोबाईलवर बघत होतो, बायकोनं विचारलं काय झालं, तर धड सांगता येईना. टीम आता सॅक्रामेंटोजवळ छोट्या लीगच्या मैदानावर भाड्यानं राहिल्यासारखी खेळतेय, वेगासचं मैदान होईपर्यंत.

आणि त्याच रिकाम्या स्टेडियममधे २०२५ च्या जूनला काय झालं असेल? क्रिकेट! अमेरिकेच्या मेजर लीग क्रिकेटच्या त्या सीझनची पहिली मॅच, फिन ॲलननं १९ सिक्स मारून १५१ केले. मला आनंद व्हावा का वाईट वाटावं हेच कळेना. ते सिक्स जिथं पडत होते तिथं ती म्हातारी बसायची.

नाद_फक्त_कुस्तीचा

माती न्हेली हे वाचून गप्प बसलो बगा. आमचं तालमीचं जुनं घर पाडलं तवा मी पण डबाभर लाल माती घरी आणून ठेवलीया, अजून हाय, बायको म्हणती कुंडीत घाला.

खेळमास्तर_तासगाव

पैलवान, मातीवरनं सांगतो. जपानमधे शाळांची बेसबॉलची स्पर्धा असते, कोशिएन, १९१५ पासनं चालू आहे. ३ हजारांवर शाळा जिल्ह्यापासनं खेळत येतात. हरलेली पोरं रडत रडत मैदानातली माती पिशवीत भरून घरी नेतात. डॉजर्सचे जपानी खेळाडू ओहतानी, यामामोटो सगळे त्या शाळेच्या बेसबॉलमधनं आलेले. ओहतानीनं २०२५ च्या १७ ऑक्टोबरला एकाच मॅचमधे पिचर म्हणून १० जण स्ट्राइकआउट केले आणि बॅटर म्हणून ३ होम रन मारले. मी पोरांना व्हिडिओ दाखवला तर म्हणाले सर एडिट केलाय.

आता आपल्याकडचं. मी १४ वर्षं शाळेत सॉफ्टबॉल बेसबॉल शिकवतोय. ग्रेस मार्क आणि ५ टक्के खेळाडू आरक्षण यासाठी येतात हे खरं, लपवून काय उपयोग. बोगस सर्टिफिकेटवाल्यांनी खऱ्या पोरांचं वाटोळं केलं ते वेगळंच. पण आलेल्या २० पोरांतली ३-४ अशी निघतात की मार्क मिळून गेले तरी संध्याकाळी ग्राउंडवर येतात. एक स्लगर म्हंजे बॅट, ६ ग्लोव्ह्ज, त्यातले २ फाटके, कॅचरचा (आपला विकेटकीपर) मास्क एकच, एवढ्यावर टीम. शिलाई उसवलेला बॉल आमच्या गावचा चांभार शिवून देतो, १०८ टाके असतात दुहेरी, तो मोजून घालतो, मला म्हणतो सर मशीननं येणार नाही हे काम.

भारतातनं कोणी गेलंय का विचाराल तर २००८ ला टीव्हीवरच्या स्पर्धेतनं रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातली दोन भालाफेकवाली पोरं, आयुष्यात बेसबॉल हातात धरला नव्हता, पिट्सबर्गनं करारावर घेतली. छोट्या लीगमधे खेळली. त्यातला रिंकू (केकेआरवाला नव्हे!) पुढं डब्ल्यूडब्ल्यूईत गेला, पैलवान तुमच्याच धंद्यात. आणि २०२५ ला दुबईत नवीन लीग सुरू झालीय, त्यात मुंबई कोब्राज नावाची टीम आहे.

विश्रामबागकर, मुलीला एक सांगा. तिकडं मुलींना वर्षानुवर्षं सॉफ्टबॉलकडं ढकललं जायचं. २०२५ च्या ९ ऑगस्टला जेन पॉवोल ही मेजर लीगच्या सीझनमधली पहिली बाई अंपायर उभी राहिली. बायकांची प्रो लीग पण २०२६ ची ठरलीय, ४ टीमची. मुलगी खेळते कुठं?

मिरजेचा_तंबोरा

मास्तर तुम्ही गोड गोड सांगितलं, मी जरा कडू सांगतो नाहीतर आबांना वाटेल सगळी संतमंडळी आहेत.

२०१७ ला ह्यूस्टन ॲस्ट्रोज जिंकले, पुढं २०१९ ला बाहेर आलं की कॅमेऱ्यातनं कॅचरच्या खुणा बघायचे आणि ड्रेसिंग रूमजवळ कचऱ्याचा डबा बडवून बॅटरला सांगायचे कुठला बॉल येतोय. डबा! एवढं टेक्नॉलॉजी आणि शेवटी डबा. ५० लाख डॉलर दंड, मॅनेजर एक वर्ष बाहेर, पण खेळाडूंना काही नाही आणि ट्रॉफी पण तशीच.

जुगाराचं तर विचारू नका. पीट रोझ, ४२५६ हिट्स, सगळ्यात जास्त, स्वतःच्या टीमवर पैसे लावले म्हणून १९८९ ला आजन्म बंदी. २०२४ ला वारला आणि २०२५ च्या मे मधे बंदी उठवली, मेल्यावर. आणि २०१८ ला तिकडच्या सुप्रीम कोर्टानं बेटिंगची वाट मोकळी केल्यापासनं मॅचच्या मधे जाहिराती कशाच्या तर बेटिंगच्या. २०२५ च्या नोव्हेंबरला क्लीव्हलँडच्या २ पिचरवर गुन्हा दाखल झालाय की अमुक बॉल मुद्दाम बाहेर टाकला, त्यांनी आरोप नाकारलेत. लीगनं काय केलं तर एका बॉलवर २०० डॉलरच्या वर लावू नका म्हणून मर्यादा घातली. २०१३ चं आयपीएल आठवतंय ना, कंबरेला टॉवेल? तेच. ओहतानीच्या दुभाष्यानंच त्याच्या खात्यातनं जवळजवळ १.७ कोटी डॉलर जुगारात घातले, बसलाय तुरुंगात.

नाद_फक्त_कुस्तीचा

खात्यातनं एवढे गेले आणि कळलं न्हाय? किती मिळतंय त्याला?

मिरजेचा_तंबोरा

१० वर्षांचे ७० कोटी डॉलर. पण वर्षाला हातात फक्त २० लाख घेतो, उरलेले ६८ कोटी १० वर्षं झाल्यावर, बिनव्याजी, म्हंजे टीमला बाकीचे खेळाडू घेता यावेत.

नाद_फक्त_कुस्तीचा

म्हंजे ऊस आज घालायचा आणि बिल धा वर्षांनी. आमच्याकडं हे न विचारताच होतंय.

विश्रामबागकर

हसून हसून मेलो. आबा पण. कडू भाग वाचल्यावर आबा एवढंच म्हणाले, डबा वाजवला तर स्कोअररनं शेऱ्यात लिहायला पाहिजे होतं.

मास्तर, पोरगी डावखुरी आहे, थ्रो डाव्या हातानं. शाळेत सगळे ग्लोव्ह्ज उजव्या हाताच्या पोरांचे, डाव्या हातात घालायचे, मग ही डाव्यात झेलते, ग्लोव्ह काढते, त्याच हातानं टाकते, तोवर रनर घरी. मारुती रोड, मिरज सगळीकडं विचारलं, दुकानदार म्हणतात असला पीस येत नाही. सर तिला म्हणाले डावखुऱ्याला बेसबॉलमधे जागा नसते, खरंय का हे?

खेळमास्तर_तासगाव

अर्धवट खरं आहे. सेकंड बेस, शॉर्टस्टॉप, थर्ड बेस इथं डावखुरा शक्यतो उभा करत नाहीत कारण फर्स्ट बेसला टाकताना अंग वळवावं लागतं, कॅचर पण शक्यतो डावखुरा नसतो. पण फर्स्ट बेसला उलट डावखुराच चांगला, आउटफिल्डला काही फरक नाही, आणि पिचर डावखुरा असला तर सोन्याहून पिवळं. तिला पिचिंग करू द्या. अंतर ६० फूट ६ इंच असतं मोठ्यांचं, लगेच तेवढ्या लांबनं नको, खांदा जातो. ४५ पासनं सुरू करा.

माझ्याकडं उजव्या हातात घालायचा एक ग्लोव्ह पडून आहे, जुनी विद्यार्थिनी देऊन गेली होती, चामडं कडक झालंय, खोबरेल नको, थोडं व्हॅसलीन लावून मधे बॉल ठेवून दोरीनं बांधून ठेवतो दोन दिवस. रविवारी सकाळी ८ ला ग्राउंडवर या, आमची दोन टीमची मॅच पण आहे.

विश्रामबागकर

येतो नक्की. आबा विचारतायत तुमच्याकडं त्या मॅचला स्कोअरर आहे का.

खेळमास्तर_तासगाव

नाही ओ. मीच अंपायर, मीच स्कोअरर, अर्धं विसरतो.

विश्रामबागकर

आबा पेन्सिलीला टोक करायला बसले.